तिकिटाची पट्टी

राळेगणसिद्धीचा कांदा बाजारात गेला की त्याच्या मागोमाग एक कागद घरी येतो. त्याला पट्टी म्हणतात. पारनेरच्या बाजारातली असो, नगरजवळच्या नेप्ती उपबाजारातली असो की पुण्याच्या मार्केट यार्डातली, मजकूर साधारण एकच. गोण्या किती, वजन किती, भाव काय लागला, रक्कम किती झाली. त्याखाली वजावटी : हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं, आधी उचल घेतली असेल तर ती. सगळ्यात शेवटी हातात पडणारे पैसे. गावात कुणाचा माल गेलाय हे कळलं की पारावर पहिला प्रश्न येतो, "भाव काय लागला?" आणि लगेच दुसरा, "पट्टी काय आली?" या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी असतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं.

अलीकडे याच भागातल्या घरांत आणखी एक हिशेब येऊ लागला आहे, मात्र तो फोनवर येतो. मुलगा पुण्यात किंवा सुप्याच्या एमआयडीसीत नोकरीला, मुलगी-जावई परदेशी. आईवडिलांनी जन्मभर शेत आणि गोठा सोडला नाही, आता त्यांना एकदा समुद्र दाखवायचा, तोही जहाजावरून, असं मुलांच्या मनात येतं. मग नगरच्या किंवा पुण्याच्या एजंटाकडून कोटेशन मागवलं जातं. रंगीत जहाजाचं चित्र, चार रात्री, जेवणखाण समाविष्ट, दोघांचं मिळून अमुक रुपये, कर वेगळे, अटी लागू. त्या आकड्यात जहाज कंपनीचे किती, बंदराचे किती, सरकारचे किती आणि एजंटाचे किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

कांदा विकताना ज्याला शेवटच्या रुपयापर्यंतचा हिशेब मिळतो, त्याच माणसाला प्रवास विकत घेताना एक बंद आकडा मिळतो. मला ही विसंगती फार टोचते. कमिशन घेणाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही. कमिशन कागदावर दिसत नाही, ही माझी तक्रार आहे.

हत्ता ते उघड लिलाव

शेतकऱ्याला पट्टी सुखासुखी मिळालेली नाही. पूर्वी बाजारात हत्ता पद्धत चालायची. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत राहायचा. बोटांची भाषा त्याला कळू नये म्हणूनच तर रुमाल होता. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. महाराष्ट्राचा आजचा बाजार समिती कायदा १९६३ चा. रुमाल जाऊन उघड लिलाव आला, वजनकाट्यावर देखरेख आली, पट्टी आली, त्यामागे असा पाऊणशे वर्षांचा रेटा आहे.

तरीही अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याच्याच खिशातून जात राहिली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, मोठा गोंधळ झाला, शेवटी नियम टिकला. त्या वेळी जाणकार एक शंका काढत होते आणि ती आजही विचारात घेण्यासारखी आहे. अडत खरेदीदाराच्या नावावर टाकली तर तो तेवढा भाव कमी बोलणार नाही का? कागदावर कमिशन कोण भरतो आणि खरोखर ते कुणाच्या अंगावर पडतं, या दोन गोष्टी एक नसतात. क्रूझच्या तिकिटाकडे वळताना ही गोष्ट जवळ ठेवायला हवी.

पट्टीची ताकद काय असते ते फेब्रुवारी २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा नेला. भाव लागला किलोला एक रुपया. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन त्याच्या हिशेबात उरले २ रुपये ४९ पैसे, आणि व्यापाऱ्याने त्याला दोन रुपयांचा चेक दिला. ती पट्टी देशभर फिरली, विधिमंडळात गाजली. तो संताप उसळू शकला, कारण कोणत्या ओळीत किती रुपये कापले गेले ते कागदावर होतं. कागदावर फक्त "२ रुपये" एवढंच असतं तर लोक हळहळले असते आणि विसरले असते.

मुंबईच्या धक्क्यावरचे दलाल

जहाजाचं तिकीट आणि दलाली यांची गाठ महाराष्ट्रात नवी नाही. कारंज्याचा बाजार सुरू झाला त्याच दशकात मुंबईच्या धक्क्यावर हजच्या यात्रेकरूंची तिकिटं विकणाऱ्या दलालांचा प्रश्न सरकारपुढे उभा होता. देशाच्या कानाकोपऱ्यातून, मध्य आशियातूनही यात्रेकरू मुंबईत यायचे. भाषा परकी, शहर परकं, जहाज कधी सुटणार याची खात्री नाही. तिकिटाचा भाव सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. दलाल मुसाफिरखान्यात गाठायचे, जहाज भरेपर्यंत थांबवून ठेवायचे आणि तोवर यात्रेकरूची पुंजी संपत जायची. मुंबई सरकारला या दलालांना परवाने देण्याचा कायदा करावा लागला. १८८६ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने थॉमस कुक कंपनीला यात्रेची अधिकृत एजंट नेमलं. भाडं जाहीर, तिकीट छापील, जहाजाची तारीख ठरलेली, अशी व्यवस्था अपेक्षित होती. जहाजमालक आणि दलाल यांच्या जुन्या साखळीपुढे ती फार वर्षं टिकली नाही.

थॉमस कुकचं मुंबईतलं कार्यालय १८८१ पासूनचं. या कुकची सुरुवात मात्र राळेगणच्या माणसाला जवळची वाटावी अशी आहे. ५ जुलै १८४१ रोजी त्याने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत खास रेल्वेने सुमारे पाचशे माणसं नेली, माणशी एक शिलिंग. ती सहल होती दारूबंदीच्या सभेसाठी. आज जिला आपण पॅकेज टूर म्हणतो तिचं मूळ दारू सोडा असं सांगणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या खटपटीत आहे. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर यादवबाबांच्या देवळापासून राळेगणचं काम सुरू केलं, त्यातही दारूच्या भट्ट्या बंद करणं हे पहिल्या पावलांपैकी एक होतं. कुकच्या त्या सहलीत लोकांना आवडलेली गोष्ट साधी होती : एकच रक्कम, आधी सांगितलेली, आणि तीत जाणं-येणं धरलेलं.

कमिशन शून्यावर आणलं तेव्हा काय झालं

विमानाच्या तिकिटावर एजंटाला कमिशन मिळायचं, हे आता नव्या पिढीला माहीतही नसेल. अमेरिकेत १९९५ मध्ये डेल्टा कंपनीने देशांतर्गत परतीच्या तिकिटावर जास्तीत जास्त ५० डॉलर अशी मर्यादा घातली, इतर कंपन्या तिच्यामागून गेल्या, आणि २००२ मध्ये मूळ कमिशनच बंद झालं. भारतात ते पाच टक्क्यांवर आलं होतं. १ नोव्हेंबर २००८ पासून मोठ्या विमान कंपन्यांनी ते शून्यावर नेलं. एजंटांच्या संघटनांनी विरोध केला, बहिष्काराची भाषा झाली. मग एजंटांनी प्रवाशाकडून थेट सेवाशुल्क घ्यायला सुरुवात केली आणि वेबसाइटांनी त्याला सुविधा शुल्क असं नाव दिलं.

तिकिटं त्यामुळे पाच टक्क्यांनी स्वस्त झाली का? मला तसं कधी जाणवलं नाही, कुणी सिद्ध केल्याचंही वाचलेलं नाही. बुकिंगला खर्च येतोच. कुणीतरी फोन उचलतं, संगणकाची यंत्रणा चालवावी लागते, पैसे परत करताना डोकं लावावं लागतं. हा खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात सरकतो. लुफ्तान्साने सप्टेंबर २०१५ पासून एजंटांच्या आरक्षण यंत्रणेतून काढलेल्या प्रत्येक तिकिटावर १६ युरो जादा लावले, तेव्हा हा खर्च पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे आकड्यात दिसला. एजंट रागावले, पण प्रवाशाला एवढं तरी कळलं की नुसतं तिकीट नोंदवण्यालाही किंमत आहे.

क्रूझच्या धंद्याने वेगळी वाट धरली. विमान कंपन्यांनी एजंटाला दूर केलं, जहाज कंपन्यांनी त्याला धरून ठेवलं. कारण विमानाचं तिकीट माणूस स्वतःहून मागायला येतो, त्याला पुण्याहून दिल्लीला जायचंच असतं. क्रूझ विकावी लागते. केबिन खिडकीची की बिनखिडकीची, खालच्या मजल्यावर बोट कमी हलते का, शाकाहारी जेवणाचं काय, आजीला चाकाची खुर्ची मिळेल का, हे सगळं समजावून सांगणारं माणूस लागतं. म्हणून या धंद्यात एजंटाचं कमिशन साधारण दहा टक्क्यांपासून सुरू होतं आणि विक्री वाढेल तसं पंधरा-सोळापर्यंत चढतं.

टक्के कशावर

इथे खरी मेख आहे. ते टक्के पूर्ण रकमेवर नसतात. भाड्याचा एक भाग कंपनी 'कमिशन न लागू' म्हणून बाजूला काढते. बंदराचं शुल्क आणि कर त्यातून वगळलेले असतात. टिप वगळलेली असते. जहाजावर माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर टिप म्हणून खात्यावर आपोआप चढते आणि जाहिरातीतल्या भाड्यात ती बहुधा धरलेली नसते.

एक कल्पित हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते आहेत. राळेगणच्या एका जोडप्याला सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ घ्यायची आहे. जाहिरातीत दोघांचं भाडं ६०,००० रुपये. बंदर शुल्क आणि कर १८,०००. टिप दोघांची चार रात्रींची १२,०००. एकूण झाले ९०,०००, आणि यात विमान नाही, व्हिसा नाही. म्हणजे जाहिरातीतला आकडा पहिल्याच फेरीत दीडपट झाला. आता कमिशन. ६०,००० मधले १२,००० 'कमिशन न लागू', उरले ४८,०००. त्यावर बारा टक्के म्हणजे ५,७६०. प्रवासी ९०,००० भरतो त्याच्या मानाने ते साडेसहा टक्क्यांच्याही आत. शिवाय नगरचा एजंट बहुतेक वेळा थेट जहाज कंपनीचा नसतो. मधे मुंबईतला अधिकृत प्रतिनिधी, कधी आणखी एखादा घाऊक विक्रेता असतो. त्यांचा वाटा गेल्यावर गावच्या एजंटाच्या हातात निम्मे उरले तरी खूप.

हे पाहिल्यावर दोन समज एकदम पडतात. एक, एजंट फार लुटतो. दुसरा, थेट कंपनीकडून घेतलं तर तेवढं स्वस्त पडेल. मोठ्या क्रूझ कंपन्या एजंटाला आणि थेट ग्राहकाला साधारण तोच भाव दाखवतात. एजंटाने स्वतःच्या कमिशनातून सूट देऊन भाव पाडू नये यासाठी काही कंपन्यांनी २००० नंतरच्या दशकात नियमच केले. म्हणून एजंट सूट न देता जहाजावर खर्चायचे थोडे डॉलर किंवा एखादी भेटवस्तू देतात. तुम्ही थेट बुकिंग केलंत तर एजंटाचे वाचलेले पाच-सहा हजार तुमच्या खिशात येत नाहीत, ते कंपनीकडे राहतात. हे माहीत नसल्यामुळेच माणसं एजंटाकडून सगळी माहिती काढून घेतात आणि रात्री घरी बसून वेबसाइटवर बुकिंग करतात.

नगरमध्ये प्रवासाचं कार्यालय चालवणाऱ्या एका बाईंनी मला हे फार तळमळीने सांगितलं. "दादा, व्हिसाची कागदं आम्ही बघतो. सिंगापूरहून निघून मलेशियाला जाऊन परत सिंगापूरला यायचं, म्हणजे एका प्रवेशाचा व्हिसा चालत नाही, हे लोकांना धक्क्यावर गेल्यावर कळतं. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची चिठ्ठी, विम्याचा कागद, सगळं आम्ही लावून देतो. याचे पैसे कोणी द्यायचे?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. फक्त ते कोणी दिले आणि किती दिले, हे देणाऱ्याला दिसलं पाहिजे. मी हे बोलून दाखवल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दिसलं तर आमचंच भलं आहे. लोकांना वाटतं आम्ही वीस-पंचवीस हजार मारतो."

कमिशनातला खरा धोका रकमेत नाही, ते कुठल्या दिशेला ओढतं त्यात आहे. ठरावीक कंपनीची ठरावीक विक्री झाली की वाढीव कमिशन मिळतं. मग दोन जहाजं समोर असताना एजंटाचा हात कुठल्या माहितीपत्रकाकडे जाईल? त्या बाईंसारखे प्रामाणिक लोक तसं करत नसतील, पण सगळ्यांच्या प्रामाणिकपणावर व्यवस्था उभी करता येत नाही. बाजार समितीत अडत्याने शेतकऱ्याचा माल स्वतःच्याच नात्यातल्या व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊ नये म्हणून उघड लिलाव लागला, त्यामागचं कारण हेच होतं.

जाहीर भाव म्हणजे काय

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझ आता महाराष्ट्रात ओळखीच्या झाल्या आहेत. २००५ मध्ये सुपरस्टार लिब्रा आली, २०१६ च्या अखेरीपासून कोस्टाचं जहाज मालदीवकडे जाऊ लागलं, २०१८ मध्ये आंग्रिया मुंबई-गोवा सुरू झाली, २०१९ मध्ये जलेशची कर्णिका आणि सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची एम्प्रेस. यांतल्या कर्णिकाचा शेवट विसरू नये. २०१९ च्या एप्रिलमध्ये वाजतगाजत सुरू झालेली जलेश कंपनी कोविडच्या टाळेबंदीत बुडाली आणि जहाज २०२० संपण्याआधीच अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेलं. सिंगापूर-हाँगकाँगकडच्या ड्रीम क्रूझची मूळ कंपनी जानेवारी २०२२ मध्ये कोसळली. म्हणून कोटेशनमध्ये आणखी एक ओळ हवी : तुमचे पैसे कुणाच्या खात्यात गेले. एजंटाच्या, मधल्या विक्रेत्याच्या की जहाज कंपनीच्या? सगळं सुरळीत असताना हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि कंपनी बुडाल्यावर सगळं याच एका उत्तरावर येऊन ठेपतं.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०२४ पासून असा कायदा लागू केला की जाहिरातीतल्या किमतीत सगळी सक्तीची शुल्कं धरलेली असावीत. त्यानंतर तिथल्या मोठ्या क्रूझ कंपन्यांनी कर आणि बंदर शुल्क धरूनच भाडं दाखवायला सुरुवात केली, तीही फक्त त्या राज्यापुरती न ठेवता सबंध देशात. टिप मात्र अजून बाहेरच आहे. एका राज्याच्या कायद्याने जागतिक कंपन्यांची जाहिरात बदलली, हे महत्त्वाचं आहे.

आपल्याकडे कायद्याची उणीव आहे असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० रोजी. ग्राहकाला किमतीची माहिती मिळण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार नोंदले आहेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटी शुल्कं चढवत जाणं हा एक, आणि न विचारता टोपलीत विमा किंवा देणगी टाकून देणं हा दुसरा. क्रूझच्या बुकिंगमध्ये हे दोन्ही सर्रास दिसतात. अर्थात एवढं झालं तरी एजंटाचं कमिशन त्यात उघड होत नाही. त्यासाठी आणखी एक पाऊल लागेल.

तेही पाऊल आपल्याच देशात एका धंद्याने टाकलं आहे. म्युच्युअल फंडांत ऑगस्ट २००९ मध्ये सेबीने प्रवेशशुल्क बंद केलं, जानेवारी २०१३ पासून एजंटाविना थेट योजना आणल्या आणि त्या खरोखर कमी खर्चाच्या ठेवल्या. ऑक्टोबर २०१६ पासून गुंतवणूकदाराच्या विवरणपत्रात वितरकाला किती रुपये दिले हे छापून येऊ लागलं. तेव्हा वितरक म्हणत होते, धंदा बुडेल. बुडाला नाही. चांगला सल्ला देणाऱ्यांचा वाढला.

रेल्वेचं उदाहरण तर प्रत्येकाच्या खिशात असतं. आयआरसीटीसीच्या अधिकृत एजंटाने साध्या वर्गाच्या तिकिटामागे २० आणि वातानुकूलितमागे ४० रुपये घ्यायचे, हे ठरलेलं आहे. कुणी जास्त मागितले तर तक्रार करता येते, कारण किती घ्यायचे ते माहीत आहे. विनापरवाना तिकिटं विकणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तुरुंगवास होऊ शकतो. स्लीपरच्या तिकिटावर वीस रुपयांचा हिशेब जर पक्का ठेवता येतो, तर लाखाच्या क्रूझवर पाच हजारांचा का ठेवता येऊ नये?

राळेगणच का

हा लेख मी मुंबईच्या क्रूझ टर्मिनलवरून लिहिला असता तर चाललं असतं. पण हिशेब मागण्याची गोष्ट राळेगणसिद्धीपाशी आणून ठेवावी असं मला वाटलं. सरकारने कागद दाखवावेत या मागणीसाठी अण्णांनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं आणि महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्याला राष्ट्रपतींची मोहर मिळाली. १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला. रस्त्यावर किती खडी पडली, कुणाच्या नावावर किती बिल निघालं, हे साध्या माणसाला दहा रुपयांच्या अर्जावर कळू लागलं. खाजगी कंपनीला तो कायदा लागू नाही, हे खरं. पण त्यामागची जाण खाजगी व्यवहारालाही लागू आहे : पैसे ज्याचे, हिशेब बघण्याचा हक्क त्याचा.

आणि हा पुणे-नगर रस्ता. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी याच रस्त्याने धावली. शिरूर, वाडेगव्हाण, सुपे, मग नगर. राळेगणला वळायचा फाटा याच वाटेवर. कंडक्टरने फाडून दिलेल्या तिकिटावर भाडं छापलेलं असायचं आणि गाडीतल्या प्रत्येकाला ते सारखं होतं. श्रीमंताला वेगळं, अडाण्याला वेगळं असं नव्हतं. आज एसटीची दुरवस्था झाली आहे, तो वेगळा विषय. पण तिने खेड्यातल्या माणसाला एक सवय लावली की तिकिटाची किंमत घासाघीस न करता सगळ्यांसमोर कळते. ती सवय आपण ऑनलाइनच्या नादात गमावून बसलो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

ग्राहक चळवळही महाराष्ट्रानेच उभी केली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली आणि पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. दलालाला शिव्या देत बसण्याऐवजी एकत्र येऊन माल घ्यायचा, भाव विचारायचा, वजन तपासायचं, हे त्यांनी हजारो घरांना शिकवलं. डाळ-तांदुळासाठी जे शिकलो ते सहलीसाठी वापरायला हरकत नाही. गावातली आठ-दहा जोडपी एकत्र जाणार असतील तर क्रूझमध्ये गटाचं वेगळं भाडं मिळतं, ठरावीक केबिन घेतल्या की एखादी जागा मोफतही मिळते. ती मोफत जागा कुणाला मिळाली, गटाला की सहल जमवणाऱ्याला, हेही हिशेबात यायला हवं. अनेकदा ते कुणाला सांगितलंच जात नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब, कारण ती नेमकी ज्येष्ठांना अडते. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस कापला जातो. त्याचे दर आणि मर्यादा मधे मधे बदलत आल्या आहेत. हा खर्च नाही, तुमच्या नावावर आगाऊ भरलेला कर आहे, आणि आयकर विवरणपत्र भरलं की तो वळता होतो किंवा परत मिळतो. पण शेतीच्या उत्पन्नावर जगणारे आणि कधीही विवरणपत्र न भरणारे आईवडील असतील, तर कोणीतरी त्यांचं विवरणपत्र भरल्याशिवाय तो पैसा सरकारकडेच पडून राहतो. कोटेशनमध्ये 'कर समाविष्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर त्यातला कोणता परत मिळणारा आणि कोणता नाही, हे कळायला मार्ग राहत नाही.

माझी मागणी त्यामुळे अगदी नेमकी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सहल आणि क्रूझ विकणाऱ्या प्रत्येकाला अंतिम बिलावर मूळ भाडं, बंदर शुल्क, कर, टिप, टीसीएस आणि विकणाऱ्याला मिळालेलं कमिशन या रकमा वेगळ्या छापायला लावाव्यात. पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले आणि रद्द केल्यास कुठल्या तारखेपर्यंत किती परत मिळतील, हेही त्याच कागदावर असावं. कमिशन किती असावं हे सरकारने ठरवू नये, ते बाजार ठरवेल. फक्त ते दिसावं.

नियम येईपर्यंत थांबायचं कारण नाही. मे महिन्याच्या सहलींची आगाऊ नोंदणी कितीतरी आधी सुरू होते. तुम्ही किंवा तुमची मुलं पैसे भरणार असाल तर वरच्या सगळ्या रकमा एजंटाकडून लेखी, वेगवेगळ्या ओळींत मागा. तोंडी सांगितलेलं धरू नका. जो एजंट त्या देईल त्याच्याकडेच बुकिंग करा आणि त्याचं कमिशन खुशाल त्याला मिळू द्या. जो देणार नाही त्याला नाही म्हणा. आणि भरलेल्या रकमेपेक्षा नंतर जादा मागितले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.